वय तीन ते अठ्ठावन्न

चियांग माई, ३ नोव्हेंबर २००३

प्रिय मुघा,

आपल्या गावच्या चीपोची पिवळी गाडी काल संध्याकाळी आली आणि तुझा अर्ज पोचला. पाकिटाला तुझ्या चुलीच्या धुराचा वास होता. ऑफिसात दोघांनी नाक मुरडलं. मी मात्र ते पाकीट जरा जास्तच वेळ हातात धरून बसले.

अर्ज चांगला झालाय. दर शुक्रवारी शाळेतल्या मुलांना रानात न्यायचं, तू पालेभाज्या आणि बियाणं शिकवणार, फाती सोवा मधमाशा आणि मासे शिकवणार, दुपारी तिथेच भाताची पेज शिजवायची, हे वाचून मलाच भूक लागली. रेनकोट, बूट, तांदूळ आणि तुम्हा दोघांचं मानधन, सगळं रीतसर मांडलंयस. आमची संस्था यंदा डोंगरातल्या बाराच शाळांना मदत देणार आहे आणि अर्ज चाळिसाच्या वर आलेत, तरी मला आशा वाटते.

आता दोन चुका. मुलांचं वय या रकान्यात तू ‘३ ते ५८’ लिहिलंयस. पेन घसरलं असेल म्हणून मी ते ‘३ ते ८’ केलं. पण मुलांची संख्या ६३ कशी? सरकारी पटावर प्लोखीच्या शाळेत एकोणीस मुलं आहेत. आमच्या साहेबीणबाई, कुन विपा, असल्या बाबतीत फार कडक आहेत. गेल्या वर्षी एका गावाने तिसाच्या जागी चाळीस मुलं दाखवली, तर बाईंनी अख्खा अर्ज बाजूला ठेवला. तेव्हा एकोणीस असं लिहून सही करून पाठव. शेवटची तारीख वीस आहे.

आणि एक. मी तुझी भाची आहे हे इथे कुणाला ठाऊक नाही. नातलगांच्या अर्जाला हात लावायचा नाही असा नियम आहे. पत्र माझ्या खोलीच्या पत्त्यावर टाक, ऑफिसच्या नको.

तुझी,
मूपॉ


प्लोखी, ९ नोव्हेंबर

मूपॉ,

पेन घसरायला मी काय पिऊन लिहायला बसले होते? अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न. माझ्या अर्जात खाडाखोड करायला तुला कुणी सांगितलं? ते परत होतं तसं कर.

त्रेसष्टही बरोबर आहे. मी तीनदा मोजलं. फाती सोवानेही मोजलं, आणि तो बोटांवर मोजतो, त्यामुळे एक अख्खी सकाळ गेली. तुमच्या अर्जात विचारलंय, ‘या उपक्रमाचा फायदा किती मुलांना होईल?’ विचारलं तेवढं उत्तर दिलं. शाळेत किती आहेत असं विचारलं असतं तर एकोणीस लिहिलं असतं.

भात कापून झाला. यंदा बरा आहे. पण गावाचं चित्त ठिकाणावर नाही. पाच घरांनी ठरवलंय की पोरांना आताच खालच्या वसतिगृहात घालायचं. पूर्वी दुसरी झाल्यावर पाठवायचे, आता सहाव्या वर्षीच. म्हणतात, इथे शिकून काय होणार, पोरगं ना धड थाई बोलतं ना धड रानातलं काही ओळखतं. खरंच आहे ते. परवा आपल्या दाबूच्या पोराने विषारी अळंबी खिशात भरून आणली. शाळेच्या बाईने विचारलं तर म्हणाला, सुंदर होती.

मी त्या पाच घरी जाऊन सांगितलं, शुक्रवारची रानातली शाळा सुरू होतेय, एक वर्ष थांबा. ते म्हणाले, पैसे आले तर थांबू. नाही आले तर नव्या वर्षात गाडी करून पोरं खाली सोडू. पाच गेली की चौदा उरतात, आणि चौदा पोरांसाठी सरकार शाळा चालवत नाही. मग ती चौदाही खाली जातील. सहा वर्षांची पोरं, मूपॉ. रोज आईच्या कुशीत झोपणारी. तू आठची होतीस तेव्हा गेलीस, तरी तुझे काय हाल झाले ते मी पाहिलेत.

तर डोकं लढव आणि पैसे आण. पण आकडा माझा आहे, त्याला हात लावू नकोस.

चीपोची बायको विचारत होती, मूपॉ अजून बिनलग्नाच्या पोरींचा पांढराच झगा घालते का. मी म्हटलं, पोरगी शहरात पँट घालते आणि तिने कागदांशी लग्न लावलंय. त्यावर ती जी हसली ती अजून हसतेय.

मुघा


चियांग माई, १३ नोव्हेंबर

मुघा,

तुझं पत्र वाचून मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं आणि मग रागही आला.

मी कागद घेऊन बसले. शाळेतली एकोणीस. पाठीवर बांधलेली तान्ही पाच. पलीकडच्या पाड्यावरची तीन. सत्तावीस झाली. कुठून आणू त्रेसष्ट? तू फायदा वाढवून दाखवतेयस, म्हणजे पैसे जास्त मिळतील असं तुला कुणीतरी सांगितलंय. मला ठाऊक आहे, तू पोरांसाठीच करतेयस. पण लहानपणी मी एकदा अंड्याबद्दल खोटं बोलले होते तेव्हा तू माझ्या जिभेवर मिरची ठेवली होतीस. आता मी काय करू, तूच सांग.

कुन विपा सोमवारपासून आलेले अर्ज वाचायला घेणार आहेत. खोटा आकडा सापडला की अर्ज गेला, आणि अर्ज गेला की ती सहा वर्षांची पोरं गेली, हे तूच लिहिलंयस. तुझ्या हट्टापायी ते व्हायला नको.

त्रेसष्ट खरे असतील तर नावं लिहून पाठव. एकेकाचं नाव आणि वय.

मूपॉ


प्लोखी, १६ नोव्हेंबर

यादी सोबत आहे. पहिली एकोणीस शाळेतली. पुढची चव्वेचाळीस वाच.

आपल्याकडे पोर जन्मलं की बाप त्याची नाळ बांबूच्या नळीत घालून रानातल्या झाडाला बांधतो. मग ते झाड त्या पोराचं. त्याचा जीव तिथे असतो. ते झाड कुणी तोडायचं नाही. हे तुला सांगावं लागतंय याचंच मला वाईट वाटतं. या रानात अशी चव्वेचाळीस झाडं आहेत, ज्यांची माणसं खाली निघून गेली. कुणी कारखान्यात, कुणी हॉटेलात. त्यांतला सगळ्यात मोठा फाती सोवाचा धाकटा भाऊ जोसू, बँकॉकला रखवालदार. वय अठ्ठावन्न. पेन घसरलं नव्हतं.

आणि शाळेतल्या एकोणीसपैकी अकरा जणांना झाडच नाही. रस्ता झाल्यापासून बाया बाळंतपणाला खालच्या दवाखान्यात जातात. तिथे आठवडाभर ठेवून घेतात, नाळ तिथेच पडते आणि नर्स टाकून देते.

माझ्या मनात असं आहे की, ज्या पोराला झाड नाही त्याला माणूस नसलेल्या झाडाखाली बसवायचं. शुक्रवार म्हणजे तेच. तिथे बसून ते त्या झाडाचे पक्षी, किडे, पानं शिकेल. पोराला झाड मिळेल, आणि झाडाला कुणीतरी हाक मारणारं मिळेल. फायदा दोघांना. म्हणून दोघं मोजले. गेलेली माणसंही माझ्या लेखी या रानाची पोरंच आहेत, त्यांची वयं कितीही वाढोत.

मिरची तुझ्या जिभेवर ठेवली होती ती मला अजून झोंबते. बाकी तुला योग्य वाटेल ते कर.

वाफॉ


चियांग माई, १८ नोव्हेंबर

मुघा,

तू खाली ‘मुघा’ म्हणजे मावशी असं न लिहिता नुसतं नाव लिहिलंस. मी ते पाहिलं. माझ्या हातून तुझा अपमान झाला. मला माफ कर.

यादी मी बसमध्ये वाचायला घेतली. एकेचाळिसाव्या ओळीवर लिहिलंय: मूपॉ, वय २६, हिरडा, ओढ्याच्या वरच्या अंगाला. माझा स्टॉप निघून गेला. मी शेवटच्या स्टॉपला उतरून चालत परत आले.

मुघा, माझं झाड गेलं ना? मी वसतिगृहातून पहिल्या सुट्टीला आले होते तेव्हा बाबांनी सांगितलं होतं की रस्ता कापताना हिरडा पडला. म्हणाले, आता मागे वळून बघण्यासारखं काही नाही, शिकायला जा. मी तेव्हापासून ओढ्याच्या वर कधी गेलेच नाही. बाबांच्या मातीला आले तेव्हाही गेले नाही. शहरात आजारी पडले की वाटायचं, बरोबरच आहे, झाड नाही तर आपण आजारी पडणारच. हे मी कुणाला सांगत नाही, मी शिकलेली आहे.

तू चुकून लिहिलंस, की ते खरंच उभं आहे? एवढंच आधी कळव.

अर्जाचं काय करायचं ते मला सुचत नाहीये. आमच्या कागदावर मूल म्हणजे शाळेच्या पटावर नाव असलेलं मूल. चव्वेचाळीस नावं मला खोडायला हवीत, आणि त्यांत एक माझं आहे. नाही खोडली तर उद्या कुन विपा मला विचारतील, ही एकेचाळीस नंबरची मूपॉ कोण.

तुझी,
मूपॉ


चियांग माई, २२ नोव्हेंबर

मुघा,

तुझ्या उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता. बुधवारी सकाळी मी कुन विपांच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. अर्ज माझ्या मावशीचा आहे, मी वाढले ती त्याच गावात, आणि हे मी तीन आठवडे लपवलं. यादी पुढे ठेवली आणि चव्वेचाळीस नावांचा अर्थ सांगितला.

त्या बराच वेळ वाचत होत्या. मग म्हणाल्या, “तू कितवी?”

“एकेचाळिसावी.”

“वयाच्या रकान्यात तू खाडाखोड केलीस?”

“हो.”

“ती करायला नको होती. बाईंनी खरं लिहिलं होतं.”

मग संख्येच्या जागी मी एकोणीस लिहिलं. ते मलाच माझ्या हाताने लिहायला लावलं, आणि तुझी यादी अर्जाच्या मागे टाचून ठेवायला सांगितली. मुघा, मी तुझा आकडा बदलला. तू रागावशील. पण पोरं वरच राहायची असतील तर दुसरा मार्ग मला दिसला नाही.

डोंगराचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. आता मी पाकिटं, तिकिटं आणि खडू सांभाळते. नोकरी आहे, काळजी करू नकोस. तुमच्या अर्जाचा निकाल कुन विपा स्वतः पाहून देणार आहेत. पाच डिसेंबरनंतर कधीही येतील. त्यांना तिखट चालत नाही, चटणी बेताने कर.

मूपॉ


प्लोखी, १४ डिसेंबर

मूपॉ, माझ्या पोरी,

रागावले होते. दोन दिवस तुझ्या नावाने कोंबड्यांना शिव्या दिल्या. मग फाती सोवा म्हणाला, तिने आपल्याच नावावर काट मारली आणि तू आकड्याचं काय घेऊन बसलीस. म्हातारा वर्षातून एकदा शहाण्यासारखं बोलतो.

बाई शुक्रवारी आल्या. पायात शहरी बूट. पहिल्याच उतारावर आपटल्या, तर पोरांनी त्यांचे बूट काढून घेतले आणि त्यांना अनवाणी चालवलं. पिशवीत पत्र्याच्या पाट्या होत्या, झाडांची नावं छापलेल्या. इतर शाळांमध्ये म्हणे अशा पाट्या ठोकतात. त्यांनी एक पाटी काढली तशी आपली एवा पुढे झाली. दाबूची मधली, सहा वर्षांची, तोंडाला कुलूप नाही.

“इथे नाही ठोकायची. हे जोसूकाका आहेत.”

“कुठे आहेत?”

“हेच. ते स्वतः बँकॉकला असतात, पण जीव इथे आहे. खिळा लागेल त्यांना.”

बाईंनी पाटी पिशवीत परत टाकली. विचारलं, “मग तुझं झाड कुठलं?”

“मला नाहीये. मी दवाखान्यात झाले ना. माझी नाळ नर्सने टाकून दिली.” आणि एवा आवळा खात पुढे निघाली.

फाती सोवाला गप्प बसणं माहीत नाही. तो म्हणाला, “बाई, तुमची कुठे आहे?”

मला वाटलं आता अर्ज गेला. पण बाई म्हणाल्या, “आई सांगते, लाम्पांगच्या घरामागे पुरली होती. आता तिथे पेट्रोल पंप आहे.”

त्यावर म्हातारा म्हणाला, “मग गाडीत तेल भरताना हाक मारत जा.” बाई हसल्या, आणि मग रुमाल काढून त्यांनी नाक पुसलं. पेज दोन वाट्या खाल्ली. चटणीही खाल्ली, घाम येईपर्यंत. जाताना म्हणाल्या, नियमाप्रमाणे पैसे लहान मुलांसाठीच आहेत, मी शब्द देत नाही. पाच घरांतली बोचकी बांधून तयार आहेत. मी रोज एकेका दारात जाऊन बसते आणि उगाच गप्पा मारते, म्हणजे त्यांना गाडी ठरवायला जाता येत नाही.

आता तुझं. हिरडा उभा आहे. रस्ता त्याच्यापासून शंभर पावलांवरून गेला. तुझ्या बापाने तुला खोटं सांगितलं. पहिल्यांदा वसतिगृहात जाताना तू झाडाला मिठी मारून बसलीस, जाणार नाही म्हणालीस, दोन दिवस जेवली नाहीस. सुट्टीत परत तेच नको म्हणून त्याला वाटलं, झाडच नाही म्हटलं तर पोरगी जाईल आणि शिकेल. तू गेलीस आणि शिकलीस. नंतर सांगू म्हणता म्हणता तो वारला.

मी सांगू शकले असते. मी तुझ्यापासून हे लपवलं, कारण मला भीती वाटायची. मनात यायचं, झाड उभं आहे असं कळवलं आणि तरीही तू आली नाहीस, तर मग मी कशाच्या आधारावर वाट बघायची? झाड पडलंय म्हणून येत नाही, असं समजणं मला सोपं होतं. दरवर्षी मी त्याच्या बुडाशी गवत कापते. तुला ताप आल्याचं चीपोकडून कळलं की आधी तिकडे जाते.

आता तुला कळलंय. मी काही म्हणत नाही.

तुझी मुघा


चियांग माई, १२ जानेवारी २००४

मुघा,

हे पत्र चीपो तुझ्या हातात देईल तेव्हा त्याला थांबवून ठेव आणि त्याच्यासोबत त्या पाच घरी जा. मंजुरीचा कागद आज निघाला. एक वर्षासाठी, एकोणीस मुलांसाठी, मागितले होते तेवढे सगळे पैसे. वर शिक्का आहे, तो दाखव, म्हणजे बोचकी सुटतील.

पाट्या ठोकायच्या नाहीत असं कुन विपांनी स्वतःच्या हाताने समासात लिहिलंय. आणि खाली एक अट घातलीय. ज्या मुलाला झाड नाही त्याने झाडाच्या माणसाला पत्र लिहून परवानगी मागायची, कारण माणूस जिवंत असताना त्याच्या झाडाखाली न विचारता बसणं बरं दिसत नाही. टपालाचा खर्च संस्था देईल. तिकिटं मीच मोजून पाकिटात घातली. ते माझंच काम आहे आता.

तू बाबांबद्दल आणि स्वतःबद्दल लिहिलंस, त्यावर मी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. मी रागावले नाहीये. म्हणजे रागावले होते, बाबांवर, पण ते उत्तर द्यायला नाहीत. तुझ्यावर रागावता येत नाही. तू गवत कापत होतीस.

यायचं म्हणते आणि घाबरते. अठरा वर्षांनी जाऊन झाडापुढे उभं राहून काय बोलायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मूपॉ


प्लोखी, ३० जानेवारी

मूपॉताई,

मी एवा. मी दाबूची मुलगी. हे पत्र मी स्वतः लिहिलं आहे, मुघाने फक्त चुका काढल्या. खूप काढल्या.

आम्ही खाली नाही गेलो. आईने बोचकं सोडलं आणि माझी गोधडी परत बाहेर काढली.

मला तुझं झाड पाहिजे. म्हणजे तुझंच राहू दे, पण मला त्याच्याखाली बसायचं आहे. बाकीच्यांनी मोठी मोठी झाडं निवडली. मी तुझं निवडलं कारण त्यात पोपटाची ढोली आहे आणि खोडाला एक खड्डा आहे, त्यात पाय बसतो. मुघा म्हणते खड्डा तू केलास, चढून चढून. खरं का?

फाती सोवा म्हणतो की झाडात माणसाचा जीव असतो. मग मी पाय ठेवला तर तुला दुखेल का? दुखणार असेल तर नाही ठेवणार. मी अजून बसले नाहीये. मी गेल्या शुक्रवारी लांब उभी राहिले. सगळे बसले होते. माझ्याच झाडाचं पत्र यायचं राहिलं आहे, कारण मी आधी लिहिलंच नव्हतं, मला क लिहायला वेळ लागतो.

मुघा रोज चीपोच्या गाडीकडे बघते. मी विचारलं कुणाचं पत्र, तर म्हणाली कुणाचं नाही.

उत्तर लवकर दे. शुक्रवार लवकर येतो.

एवा


चियांग माई, ३ फेब्रुवारी

प्रिय एवा,

तुझं पत्र आलं. अक्षर छान आहे.

खड्डा मीच केला. पाय खुशाल ठेव, मला दुखणार नाही. त्याच्यावर चढ, त्याच्याखाली झोप, हिरडे वेच. पोपटाला हात मात्र लावू नकोस, चावतो. झाडाला काय सांगायचं असतं ते मला माहीत नाही, तुला सुचलं तर सांग. आजपासून ते आपल्या दोघींचं.

मी गुरुवारच्या गाडीने येते. मुघाला आत्ताच सांग, धावत जाऊन सांग.

रस्ता झाल्यापासून तिकडचं सगळं बदललं असेल, मला झाडाकडची वाट आता आठवत नाही. शुक्रवारी माझा हात धरून मला तिथे नेशील का?

मूपॉ